ध्वनिमुद्रिका, रसिक आणि संगीताचा इतिहास : मराठी श्रोत्यांच्या सामुदायिक श्रवणपरंपरेचा अभ्यास

बीजसंज्ञा : हिंदुस्थानी संगीत, ध्वनिमुद्रिका, रसिक, संग्राहक, साधनचिकित्सा, मौखिक परंपरा

प्रास्ताविक

हिंदुस्थानी संगीताविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. घराण्यांच्या वंशावळी, गुरुशिष्यांच्या आठवणी, बंदिशींचे संग्रह, संगीत नाटकांचे वृत्तान्त अशा अनेक अंगांनी हा विषय हाताळला गेला. वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी' (१९६१) या ग्रंथाने तर घराण्यांच्या सौंदर्यविचाराला शास्त्रशुद्ध बैठक दिली. या सर्व लेखनाचा नायक साहजिकच गायक आहे. श्रोता त्यात येतो तो दाद देण्यापुरता. तानसेनांचा इतिहास लिहिणाऱ्या आपल्या परंपरेने कानसेनांचा इतिहास लिहिण्याचे फारसे मनावर घेतले नाही.

विसाव्या शतकात ध्वनिमुद्रणाचे तंत्र आल्यानंतर मात्र या दोहोंमधील सीमारेषा पुसट झाली. गायकाने गायिलेले श्रोत्याच्या कपाटात राहू लागले. कोणती तबकडी कोणाकडे आहे, ती कोणी कोणाला ऐकविली, कोणत्या मैफलीची फीत कोणाच्या घरून कोणाच्या घरी गेली, या वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या व्यवहारांवर संगीताच्या इतिहासाची साधने टिकणे वा नष्ट होणे अवलंबून राहिले. 'तुम्ही सध्या काय ऐकता आहात?' हा रसिकांच्या गप्पांतला नेहमीचा प्रश्न. त्या प्रश्नातून निर्माण झालेली देवाणघेवाण हीच आपल्या संगीताच्या जतनाची एक प्रभावी व्यवस्था ठरली, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. अभ्यासाची व्याप्ती इ. स. १९०२ पासून आजपर्यंतच्या कालखंडापुरती, आणि मुख्यत्वे महाराष्ट्र व गोव्याशी निगडित असलेल्या संगीतव्यवहारापुरती मर्यादित आहे.

१. तबकडीचे आगमन आणि कलावंतांची भूमिका

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग यांनी त्या मोहिमेत गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. गायनाच्या शेवटी कलावंताने इंग्रजीत आपले नाव सांगण्याची पद्धत त्या काळातील अनेक तबकड्यांवर ऐकू येते. मुद्रणाचे साचे जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठविले जात. तेथील कारागिरांना हिंदुस्थानी गायकांची ओळख पटावी म्हणून ही सोय केलेली होती. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे तबकड्या तयार करण्याचा कारखाना निघाला आणि पुढे १९२८ मध्ये हे काम डमडम येथील कारखान्यात हलले.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे आणि बारा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे चार मिनिटे गायन सामावत असे. तासभर चालणारा ख्याल या मापात बसविणे हे गायकापुढील आव्हान होते. धातूच्या कर्ण्यासमोर तोंड धरून, एका जागी स्थिर बसून, ठरलेल्या क्षणी थांबावयाचे, ही गोष्ट बैठकीत मुक्तपणे गाणाऱ्या कलावंताच्या प्रकृतीला मानवणारी नव्हती. त्यामुळे या यंत्राविषयी कलावंतांची भूमिका एकसारखी राहिली नाही. अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कर्ण्यासमोर गायन केले आणि पुढे विद्युत ध्वनिमुद्रणाच्या काळात, १९३०च्या दशकात, ओडियन कंपनीसाठी पुन्हा तबकड्या दिल्या. याउलट भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) आणि अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) या दोन महान गायकांच्या आवाजाची ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही.

या विरोधाचा परिणाम दूरगामी आहे. भास्करबुवांच्या गायकीविषयी आपण जे जाणतो ते त्यांच्या शिष्यांच्या गळ्यातून, 'स्वयंवर' नाटकाच्या चालींमधून आणि समकालीनांच्या आठवणींमधून. अब्दुल करीम खाँ यांच्याविषयी मात्र आठवण आणि तबकडी अशी दोन साधने आपल्या हाती आहेत आणि ती परस्परांशी ताडून पाहता येतात. इतिहासाच्या अभ्यासकाला या दोन स्थितींमधील अंतर वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

२. एकाची तबकडी, अनेकांचे श्रवण

तबकडी ही विकत घेण्याची वस्तू असल्याने तिच्यामुळे श्रवण एकाकी होईल, अशी अपेक्षा कोणी केली असती तर ती तर्कसंगतच ठरली असती. प्रत्यक्षात घडले ते निराळे. चावीचा ग्रामोफोन आणि तबकड्या या सामान्य मराठी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच्या वस्तू होत्या. ज्याच्या घरी त्या असत, त्याच्या ओसरीवर वा दिवाणखान्यात आळीतली माणसे जमत. तबकडी विकणारे दुकान आणि चहाचे हॉटेल येथेही विनामूल्य श्रवण घडे. वस्तू एकाची, श्रवण अनेकांचे, हा प्रकार येथे आरंभापासून रूढ झाला.

या सामुदायिक श्रवणाचे सर्वांत परिचित उदाहरण भीमसेन जोशी (१९२२-२०११) यांचे आहे. बालपणी ऐकलेल्या अब्दुल करीम खाँ यांच्या झिंझोटीतील ठुमरीच्या तबकडीने आपल्याला झपाटले, हे त्यांनी पुढे वेळोवेळी सांगितले. असे गाणे शिकविणारा गुरू शोधण्यासाठी १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. त्या भ्रमंतीचा शेवट सवाई गंधर्वांच्या, म्हणजे अब्दुल करीम खाँ यांच्याच पट्टशिष्याच्या, घरी झाला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तबकडीने गुरूची जागा घेतली नाही. तिने शिष्याला गुरूच्या दारापर्यंत आणून सोडले. यंत्रामुळे गुरुशिष्यपरंपरा लोप पावेल, ही त्या काळी व्यक्त होणारी भीती या उदाहरणापुरती तरी निराधार ठरली.

तबकडीने आणखी एक सामाजिक मर्यादा ओलांडली. गाण्याची बैठक ही संस्थानिक, सावकार आणि त्यांचे निमंत्रित यांच्यापुरती असे. मध्यमवर्गीय घरातील स्त्रियांना अशा बैठकीस जाणे सामाजिक संकेतांमुळे दुष्कर होते. कलावंतिणीचे गाणे ऐकणे हा तर त्यांच्या बाबतीत विचारदेखील संभवत नव्हता. तबकडीच्या रूपाने तेच गाणे माजघरापर्यंत पोहोचले. गाणारीकडे तुच्छतेने पाहणाऱ्या समाजाने तिचा आवाज मात्र घरात घेतला, ही विसंगती सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी अधिक बारकाईने तपासावयास हवी. हिराबाई बडोदेकर आणि केसरबाई केरकर यांच्या पिढीला मिळालेली प्रतिष्ठा मुख्यत्वे त्यांच्या कर्तृत्वाची आहे. तिची पूर्वतयारी काही अंशी या घरोघरच्या श्रवणाने केली, असे म्हणावयास जागा आहे.

३. फितीचे युग : मैफलीचे खासगी लेखन

स्वातंत्र्योत्तर काळात श्रवणाची साधने वाढली. आकाशवाणीवरील संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै १९५२ मध्ये सुरू झाला. १९५३ मध्ये भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात सवाई गंधर्व पुण्यतिथी महोत्सवास प्रारंभ झाला. दीर्घवादन तबकडीमुळे एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक काळ सलग गायन ऐकणे शक्य झाले. अमीर खाँ यांच्या मारवा आणि दरबारी या रागांच्या तबकडीने विलंबित ख्यालाचे संथ, अंतर्मुख रूप प्रथमच दूरदूरच्या श्रोत्यांच्या घरी नेले.

तथापि या काळातील खरी क्रांती स्पूल टेपरेकॉर्डरने केली. तोवर ध्वनिमुद्रणाचे साधन कंपनीच्या हाती होते, ते आता रसिकाच्या हाती आले. सात इंची स्पूलवरील १२०० फूट लांबीची फीत सेकंदाला पावणेचार इंच या गतीने चालविली, तर एका दिशेने सुमारे ६४ मिनिटे ध्वनिमुद्रण होते. म्हणजे तीन मिनिटांच्या तबकडीत कधीही न मावलेला संपूर्ण विलंबित ख्याल, त्यातील आलाप, बढत, बोलताना, श्रोत्यांची दाद आणि गायकाच्या दोन शब्दांसह जसाच्या तसा उतरू लागला. मैफल ही क्षणिक घटना होती, ती आता दस्तऐवज झाली.

या फितींभोवती रसिकांचे एक अलिखित नीतिशास्त्र निर्माण झाले. ध्वनिमुद्रणापूर्वी गायकाची अनुमती घ्यावयाची. फीत पुढे कोणाला देणार नाही असा शब्द द्यावयाचा. आणि तरीही, अत्यंत विश्वासातल्या एखाद्या स्नेह्याला ती ऐकवावयाचीच. या तीनही गोष्टी एकाच वेळी पाळल्या जात आणि मोडल्याही जात. एका दुर्मीळ मैफलीच्या बदल्यात दुसरी मैफल, अशी वस्तुविनिमयाची पद्धत रूढ झाली. कॅसेट आल्यावर ही देवाणघेवाण सोपी व स्वस्त झाली. ६० आणि ९० मिनिटांच्या कॅसेटवर घरबसल्या प्रती निघू लागल्या. प्रतीवरून प्रत काढताना दर वेळी आवाजाचा कस थोडा उतरत असे. फितीची सळसळ वाढत जाई आणि तंबोरा मागे पडे. परंतु प्रतींची संख्या वाढल्याने मूळ फीत हरवली तरी मैफल हरवत नसे.

यातून जतनाविषयीचे एक तत्त्व हाती लागते. ज्या संग्राहकांनी आपला ठेवा कुलूपबंद ठेवला, त्यांच्या पश्चात तो बहुधा बुरशीने, उष्णतेने वा वारसांच्या अनास्थेने नष्ट होतो. ज्यांनी तो चार जणांत वाटला, त्यांच्या संग्रहातील मैफली आजही कोठे ना कोठे ऐकावयास मिळतात. मौखिक परंपरेत बंदिश टिकली ती शिकविल्याने. ध्वनिमुद्रित परंपरेत मैफल टिकली ती वाटल्याने.

४. संग्राहकांचे संघटन आणि संस्थात्मक प्रयत्न

ही देवाणघेवाण दीर्घकाळ व्यक्तिगत पातळीवर राहिली. तिला संघटित रूप मिळाले ते १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेमुळे. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या अभ्यासू संग्राहकांनी या संस्थेच्या कार्याची धुरा वाहिली. सभासदांनी आपापल्या तबकड्या आणावयाच्या, त्या सर्वांसमक्ष वाजवावयाच्या आणि त्यांविषयी माहिती सांगावयाची, असे या श्रवणसभांचे स्वरूप होते. १९९१ पासून संस्थेने 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक काढले. तबकड्यांचे क्रमांक, कंपन्यांचे इतिहास, कलावंतांची चरित्रे आणि ध्वनिमुद्रिकांच्या सूची त्यात प्रसिद्ध झाल्या. हौसेचे रूपांतर अभ्यासात कसे होते, याचा हा वस्तुपाठ आहे.

याच काळात ऑस्ट्रेलियाचे अभ्यासक मायकेल किनिअर यांचा ग्रामोफोन कंपनीच्या पहिल्या भारतीय ध्वनिमुद्रणांवरील सूचिग्रंथ १९९४ मध्ये मुंबईतून प्रकाशित झाला. १९३५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'यंग इंडिया' या स्वदेशी छापाच्या तबकड्यांचे, तसेच ओडियन छापाच्या तबकड्यांचे अंकीकरण पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त अभिलेखविषयक योजनेच्या साहाय्याने झाले. या कामाचा पाया होता तो खासगी संग्रहांचा. संस्थात्मक पातळीवर १९८२ मध्ये स्थापन झालेले अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे लोकसंगीत व शास्त्रीय संगीताचे अभिलेखागार, मुंबईचे राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र आणि सत्यशील देशपांडे यांनी उभे केलेले संवाद फाउंडेशन यांचे कार्य महत्त्वाचे आहे. तथापि व्यक्तींच्या कपाटांत साठलेल्या मैफलींचा मोठा भाग आजही कोणत्याही संस्थेच्या सूचीत आलेला नाही.

एका श्रोत्याच्या शिफारशीने तबकडीचे भवितव्य कसे बदलते, याचे एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९७७ मध्ये अमेरिकेने अंतराळात पाठविलेल्या दोन 'व्हॉयेजर' यानांवर पृथ्वीवरील ध्वनींची एकेक सुवर्णलेपित तबकडी बसविण्यात आली. तिच्यातील २७ संगीतरचनांत भारताचे प्रतिनिधित्व करते ती गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर (१८९२-१९७७) यांची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी. संगीताचे अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचविली. ती तबकडी त्या वेळी बाजारात सहज मिळत नव्हती आणि बराच शोध घेतल्यावर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या. 'हे ऐका' असे एका जाणकाराने सांगितले नसते, अथवा त्या दुकानात तो माल पडून राहिला नसता, तर अल्लादिया खाँ यांच्या या शिष्येचा आवाज त्या यानांवर गेला नसता. ज्या गुरूची स्वतःची तबकडी नाही, त्याच्या तालमीचा पडसाद आंतरतारकीय अवकाशात गेला आहे.

५. ध्वनिमुद्रिकेची साधनचिकित्सा

ध्वनिमुद्रिका हे अस्सल साधन आहे म्हणून ते निर्दोष आहे, असे मानणे धोक्याचे ठरेल. कागदपत्रांप्रमाणेच तिचीही चिकित्सा करावी लागते. या चिकित्सेचे पुढील मुद्दे अभ्यासकांनी ध्यानात घ्यावेत.

(अ) गती : जुन्या तबकड्या सरसकट मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या मानल्या जातात. परंतु आरंभीच्या काळात मुद्रणाची गती काटेकोर नव्हती. सुमारे ७३.५ फेऱ्यांच्या गतीने मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांच्या गतीने वाजविली तर लय सहा टक्क्यांनी वाढते आणि स्वर अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकचा षड्ज पांढरी दोनवर जाऊन बसतो. गायकाची पट्टी, आवाजाचा पोत आणि लय यांविषयी काढलेले निष्कर्ष अशा वेळी मुळातूनच चुकतात.

(आ) कालमर्यादा : तीन मिनिटांचे गायन म्हणजे तासाभराच्या ख्यालाची संक्षिप्त आवृत्ती नव्हे. तबकडीसाठी गायकाने जाणीवपूर्वक केलेली ती स्वतंत्र मांडणी आहे. तीवरून 'पूर्वी ख्याल द्रुत लयीतच गात असत' असा निष्कर्ष काढणे सदोष ठरते.

(इ) नोंदी : तबकडीवरील रागनाम अनेकदा चुकीचे वा संदिग्ध असते. खासगी फितीवर तर दिनांक, स्थळ व साथीदार यांचा उल्लेख बहुधा नसतो. प्रतीवरून प्रत निघताना गायकाचे नावदेखील बदललेले आढळते. अशा वेळी संग्राहकाची स्मृती हाच एकमेव दुवा असतो आणि तो दुवा वयोवृद्ध होत चालला आहे.

(ई) निवड : काय मुद्रित झाले हे कंपनीच्या व्यापारी हिशेबावर आणि काय टिकले हे संग्राहकाच्या आवडीवर ठरले. दुय्यम मानलेल्या गायकांच्या, ग्रामीण भागातील बैठकींच्या आणि साथसंगतकारांच्या ध्वनिमुद्रणांची तुलनेने उपेक्षा झाली. उपलब्ध संग्रह हा रसिकांच्या अभिरुचीचाही दस्तऐवज आहे, हे भान ठेवावयास हवे.

६. कायदा आणि औचित्य

देवाणघेवाणीचे महत्त्व मान्य करताना कलावंतांच्या हक्कांचा प्रश्न टाळता येणार नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत, १९९२च्या दुरुस्तीनंतर, प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे आहे. त्यामुळे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे बहुतांश भांडार आता या मुदतीबाहेर गेले आहे. १९९४च्या दुरुस्तीने सादरकर्त्या कलावंतांच्या हक्कांना मान्यता दिली आणि १९९९ मध्ये त्यांची मुदत ५० वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. खासगी मैफलीच्या फितींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्या प्रकाशित झालेल्या नसतात आणि 'पुढे देणार नाही' असा शब्द त्यांच्यामागे असतो. गायकाला स्वतःला न रुचलेली मैफल त्याच्या पश्चात सर्वत्र पसरावी काय, हा औचित्याचा प्रश्न कायद्याच्या कलमांनी सुटणारा नाही. जतन आणि प्रसार या दोन भिन्न गोष्टी आहेत. जतन निरपवाद असावे आणि प्रसार कलावंत वा त्यांच्या वारसांच्या संमतीने व्हावा, ही भूमिका अधिक समतोल वाटते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. तबकडीमुळे श्रवण खासगी झाले नाही. मराठी समाजात ते दीर्घकाळ सामुदायिकच राहिले आणि बैठकीच्या वर्गीय व लिंगभेदमूलक मर्यादा त्याने काही प्रमाणात ओलांडल्या.

२. ध्वनिमुद्रणाने गुरुशिष्यपरंपरेला पर्याय दिला नाही. त्याने तिला नवे शिष्य आणि नवे श्रोते मिळवून दिले.

३. विसाव्या शतकातील संगीताची साधने जतन करण्यात संस्थांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्या आधी, रसिकांच्या परस्परांतील देवाणघेवाणीचा वाटा आहे.

४. ही साधने चिकित्सेशिवाय वापरल्यास इतिहासाचा विपर्यास होतो आणि चिकित्सेसाठी आवश्यक ती माहिती संग्राहकांच्या स्मृतीत आहे.

यातील शेवटचा मुद्दा महाविद्यालयांशी थेट संबंधित आहे. जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या ठिकाणीही गाण्याचे वेड असलेला एखादा निवृत्त शिक्षक, वकील, डॉक्टर वा दुकानदार भेटतो आणि त्याच्या माळ्यावर फितींची खोकी असतात. त्या फितींवर काय आहे हे सांगू शकणारी व्यक्ती आज हयात आहे. पुढील दशकात ती असेलच असे नाही. इतिहास, संगीत, मराठी आणि भौतिकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अशा संग्राहकांच्या मुलाखती घेणे, संग्रहांच्या सूची करणे, फिती वाजविण्याजोग्या असेतो त्यांचे अंकीकरण करणे आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत त्याची हकीकत नोंदविणे, हा अल्प खर्चात होण्याजोगा आणि आंतरविद्याशाखीय स्वरूपाचा प्रकल्प आहे. त्याचा आरंभ संग्राहकासमोर बसून, त्याच्या आवडीची एक मैफल त्याच्यासोबत ऐकण्यापासून करावा. भास्करबुवांच्या बाबतीत ही संधी आपल्या पूर्वजांना मिळाली नाही. आपल्याला ती मिळालेली आहे.